पाठवणीची चाल

मगदूम वकिलांनी आधी माझ्या नवऱ्याला तोंड उघडायला लावलं. बाजारात बैल घेताना दात बघतात तसं त्यांनी वाकून बघितलं, टेबलावरचा दिवा जवळ ओढला, पेन्सिलीच्या टोकानं वरचा ओठ जरा उचलला आणि म्हणाले, "मिटा."

मग माझ्याकडं वळून विचारलं, "जेवता येतं ह्यांना?"

"येतं," मी म्हणाले. "भाकरी कुस्करून द्यावी लागते."

"बोलता येतं?"

"पहिल्यापासनंच कमी बोलत्यात."

वकील हसले. मी हसवायला बोलले नव्हते. दोन महिने दवाखान्याच्या आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून माझी जीभ चाकूसारखी झाली होती. सांगलीच्या कोर्टामागं एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. त्यांच्या आधी एकजण दवाखान्यातच गाठ पडला होता. नवरा बेशुद्ध, मी कॉटखाली बसलेली, आणि हा पांढऱ्या शर्टातला माणूस कोऱ्या कागदावर माझा अंगठा मागत होता. म्हणे, बाकीचं आम्ही भरतो, तुम्ही काळजी करू नका. मी सातवी शिकलेली. सही येते म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, आणि कागद वाचून दाखवा म्हटल्यावर तो चहा प्यायला म्हणून गेला तो आलाच नाही. मगदूमांनी मात्र कागद वाचून दाखवला, आपला वाटा किती तेही तोंडावर सांगितलं, आणि केस हरली तर काही देऊ नका म्हणाले. म्हणून मी त्यांना वकील केलं.

नवऱ्याचं नाव सर्जेराव ऐवळे. आमच्यात नाव घ्यायचं नसतं, पण लिहायचं म्हटल्यावर घेतल्याशिवाय गत नाही. तो तासगावच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. बँड त्याच्या मामाचा, तातोबा हेगड्यांचा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मामानंच ह्याला लहानपणी नळी हातात दिली, आणि पुढं लोक बँड ठरवायला आले की आधी विचारायचे, सर्जा असणार ना.

"धंदा काय लिहू?" मगदूमांनी विचारलं.

"सुपाऱ्या घेतो," नवरा म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला. फुटक्या दातांतून 'स' नीट येत नव्हता.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, कोर्टात असं म्हणायचं नाही. लग्नात बँड वाजवतो म्हणायचं. सुपारी म्हटलं की तिथं वेगळंच काहीतरी लिहून घेतील."

मी त्यांना विचारलं, पिठाची गिरणी टाकण्याइतकं मिळेल का. आमच्या वस्तीत गिरणी नव्हती. बायका डोक्यावर डबे घेऊन पार स्टँडपर्यंत जायच्या. आमच्या घरापुढं मोकळी जागा होती, लाइट होती. नवऱ्याला वाजवता येत नसलं तरी पट्टा लावून बसता आलं असतं. दवाखान्यात जागून जागून मी ती गिरणी मनात उभी करून ठेवली होती. दार कुठं, काटा कुठं, सगळं.

"तुमचा माणूस पुन्हा वाजवू शकत नाही, हे मला कोर्टातल्या साहेबांना पटवून देता आलं पाहिजे," मगदूम म्हणाले. "मग गिरणी होईल. नाहीतर दातांचे पैसे मिळतील."

वाजवू शकत नाही, हे शब्द ऐकताना नवरा खिडकीबाहेर बघत होता.

अपघात असा झाला. बोरगावला वैशाखातलं लग्न होतं. जेवणं झाली, मुलीची पाठवणी निघाली. फुलांच्या माळा लावलेली जीप मांडवापुढं उभी, जीपच्या तोंडाशी बँड. सर्जेराव सगळ्यांच्या मध्ये, पाठ जीपकडे. मुलीला वाटे लावताना वाजवायची एक चाल आमच्या बँडची ठेवणीतली. ती सुरू झाली की मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि सर्जेराव त्या चालीत इतका रमायचा की त्याला पुढचं मागचं सुधरायचं नाही. मुलीनं जीपच्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात ड्रायव्हरनं गियरमध्ये असलेलीच गाडी चालू केली. जीपनं उडी मारली आणि ह्याच्या पाठीत बसली. हा तोंडावर पडला, पण तोंडाच्या आधी जमिनीला लागलं क्लॅरनेट. त्याचं खालचं टोक रस्त्यावर आपटलं आणि वरचं टोक तोंडात घुसलं. वरचे पुढचे चार दात, ओठ, हिरडी. ढोलवाल्याचा पाय मुरगळला, बाकी कुणाला काही नाही. मुलीला दुसऱ्या गाडीत घातलं आणि वरात गेली. ह्याला टेंपोत घातलं आणि मिरजेला नेलं.

शुद्धीवर आला तेव्हा तोंड बांधलेलं होतं. मला बघून त्यानं पहिल्यांदा बोटं हलवली. चादरीवर, एकामागून एक, भराभर. मला वाटलं कळा येतायत. मी नर्सला बोलावलं आणि तिनं सुई दिली. तीन दिवस असंच चाललं होतं.

केस घातली आणि आम्ही थांबलो. मामानं आम्हाला टाकलं नाही. सर्जाच्या जागी त्यानं कराडकडचा एक पोरगा घेतला आणि मला बत्ती दिली. वरातीत दोन्ही अंगाला बायका डोक्यावर दिवे घेऊन चालतात ना, त्यातली एक मी झाले. चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर दिव्यांचं झुंबर, दिव्याला वायर, वायरला मागून ढकलत आणलेलं जनरेटर. मान वळवता येत नाही. पुढं नवरा मुलगा घोड्यावर, आणि ज्या जागी माझा माणूस चालायचा तिथं तो कराडचा पोरगा फुगे फोडल्यासारखं वाजवत चाललेला. मला रडू यायचं नाही, राग यायचा. कुणाचा तेही कळायचं नाही. घरी यावं तर सर्जेराव उंबऱ्यात बसलेला. कोण होतं, काय वाजवलं, एक शब्द विचारायचा नाही. पाणी तापवून ठेवायचा तेवढं.

वकिलांनी बजावलं होतं, क्लॅरनेटला हात लावायचा नाही. कुणी बघितलं आणि सांगितलं तर पंचाईत. त्याची गरज नव्हती. क्लॅरनेट दुरुस्त करून मामानं आणून दिलं होतं, ते ट्रंकेत पडून होतं आणि ह्यानं ट्रंक उघडली नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही दोघं आठवड्याच्या बाजारात गेलो. मिरच्या घेत होते. शेजारी एक दांडगी बाई वांगी निवडत बसलेली, तिनं सर्जेरावाच्या ओठाकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं.

"तू त्यो बँडवाला न्हवं? बोरगावचा?"

त्यानं मान हलवली.

"मी वैजयंताची आत्या. जिच्या लग्नात पडलास ती." तिनं वांगी पिशवीत टाकली. "पोरगी माघारी आलीया आमची. चाल अर्ध्यात सोडलीसा न्हवं तुमी. मी तवाच म्हणलं हुतं, ह्ये काय बरं न्हाई."

बाई पैसे देऊन निघून गेली. मी म्हणाले, काय बोलायचं भान आहे का हिला, माणसाचं तोंड फुटलं आणि ही चालीचं बोलतेय. सर्जेराव घरी येईपर्यंत पिशवी एकाच हातात धरून राहिला. एरवी हात बदलायचा.

त्या आठवड्यात ट्रंक उघडली. मी बाहेरून आले तर कुलूप काढलेलं. विचारलं तर म्हणाला, ऊन दावतोय, बुरशी येती. मग दुपारचा तो ओढ्याकडं जायला लागला, टॉवेलात काहीतरी गुंडाळून. परत यायचा तेव्हा टॉवेलावर लाल ठिपके असायचे आणि ओठ सुजलेला. मी आडवी गेले.

"वकिलांनी काय सांगितलंय?"

"ओढ्याला कोण ऐकतंय."

"कोण ऐकत न्हाई तर मग कशापायी वाजवताय?"

तो टॉवेल धुवायला निघून गेला. मला वाटलं, दारुड्याला दारू सुटत नाही तसं आहे हे. थोडे दिवस भांडले, मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला त्याची दया येत होती. एकदा मी लपून ऐकलं. क्लॅरनेट नव्हतंच ते. वारा फाटक्या पत्र्यातून जावा तसा आवाज, मध्येच एखादा सूर, की पुन्हा वारा. मी परत आले आणि चुलीपुढं बसून मनसोक्त रडले, आणि रडता रडता बरंही वाटलं, की केस पक्की आहे.

दिवाळी झाल्यावर तारीख लागली. आदल्या दिवशी मगदूमांनी आम्हाला बोलावलं. डॉक्टरच्या दाखल्यात अपंगत्व अगदीच कमी लिहिलं होतं. हात आहेत, पाय आहेत, डोळे आहेत. दाखला लिहिणाऱ्याला ओठाचं मोल काय कळणार. मगदूम टेबलावर बोटं वाजवत बसले होते, मग म्हणाले, "कागदानं होणार नाही. साहेबांच्या कानानंच करावं लागेल. उद्या वाद्य घेऊन या. मी विनंती करतो, हे उभे राहतील आणि फुंकतील. नुसतं फुंकायचं. चिरकेल, थुंकी उडेल, तेवढं पुरे. जमेल?"

मला वाटलं हा नाही म्हणेल. चार माणसांत, तेही असं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "जमंल."

"पाठवणीच्या येळची चाल वाजवू?" त्यानं विचारलं.

"काय वाटेल ते फुंका," मगदूम म्हणाले. "येणार तर नाहीच आहे."

कोर्टाची खोली आमच्या वस्तीतल्या शाळेच्या वर्गाएवढीच. वर पंखा, खाली बाकं. जीपच्या विमा कंपनीचे वकील देशिंगकर म्हणून होते, गोरे, गोड बोलणारे. त्यांनी सर्जेरावाला पिंजऱ्यात विचारलं, भाकरी खाता का, पाणी पिता का, शिट्टी वाजवता येते का. ह्यानं खरं ते सांगितलं. शिट्टी येत नाही म्हणाला. देशिंगकर म्हणाले, शिट्टी मलाही येत नाही, आणि खोलीत खसखस पिकली.

मग मामा उभा राहिला. नवा फेटा बांधून आला होता. मगदूमांनी त्याला दोनदा पढवलं होतं, पण त्याला पढवायची गरज नव्हती, जे होतं तेच सांगायचं होतं.

"ह्यांना शिकवलं कुणी?"

"म्या."

"आता त्यांना वाजवता येतं?"

मामानं सर्जेरावाकडं बघितलं. "न्हाई. त्येचं वाजवणं सपलं. माझ्या हातचा असा दुसरा न्हवता, पर आता सपलं."

सर्जेराव खाली मान घालून ऐकत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. समोर बसलेल्या साहेबांकडं बघत राहिले. साहेब लिहीत होते, आणि माझ्या मनात गिरणीचं चाक फिरायला लागलं होतं.

मगदूमांनी विनंती केली. देशिंगकरांनी खांदे उडवले. साहेब म्हणाले, वाजवू द्या, थोडक्यात.

सर्जेरावानं टॉवेल सोडला. नळीचे तुकडे एकमेकांत बसवले, रीडची पातळ पट्टी जिभेवर ओली केली. खिशातून कापडाची घडी काढून वरच्या हिरडीत, दातांच्या खिंडीत बसवली. हे त्यानं केव्हा शोधून काढलं होतं मला माहीत नव्हतं. मग साहेबांकडं पाठ करून दाराकडं तोंड केलं. पट्टेवाला म्हणाला, अहो, इकडं वळा. हा वळला नाही. साहेबांनीच हातानं राहू दे म्हटलं.

पहिली फुंकर चिरकली. मगदूम माझ्याकडं बघून किंचित हसले.

दुसऱ्या फुंकरीला सूर लागला. मी बाकाची कड घट्ट धरली. वाटलं, आता तुटेल, आता वारा सुटेल. पण तो सूर गेला आणि पुढचा आला. बारीक, खरखरीत, पण आला. मग तिसरा. पाठवणीची चाल होती ती. त्याच्या पाठीच्या शिरा सदऱ्यातून दिसत होत्या, मान ताठ झाली होती, कान लाल झाले होते. वरच्या सुरांकडं चाल जायची तिथं तो गेलाच नाही, खालूनच वळला. पूर्वी त्या जागी तो असा चढायचा की अंगावर काटा यावा. हे ज्यानं आधी ऐकलं होतं त्यालाच कळलं असतं. त्या खोलीत आधी ऐकलेले मी आणि मामा, दोघंच होतो.

बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली, त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. नुकतीच मुलगी दिली असावी. मी मनात म्हणत होते, थांबा आता, पुरे, खाली ठेवा ते. पण तो थांबला नाही. शेवटच्या वळणापर्यंत गेला, शेवटचा सूर लांबवला, दम पुरेना तरी लांबवला, आणि मगच नळी खाली घेतली. हनुवटीवरून रक्ताचा ओघळ गळ्यात गेला होता. त्याचं तोंड दाराकडं होतं, साहेबांना तो दिसला नाही. वळायच्या आधी त्यानं टॉवेलानं पुसून घेतलं.

साहेब चांगला माणूस होता. त्यांनी चष्मा काढला आणि मनापासून म्हणाले, "छान वाजवता की हो तुम्ही."

देशिंगकर अर्धवट उठले आणि म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

मगदूम पुष्कळ बोलले. वरचे सूर, दम, ओठ, रोजची वरात किती लांब असते. पण साहेबांनी जे कानानं ऐकलं होतं त्यापुढं ते सगळं केविलवाणं वाटत होतं. बाहेर आल्यावर ते माझ्यावर चिडले नाहीत, ह्याच्यावरही नाही. फाईल काखेत मारून म्हणाले, "वाजवायला मीच सांगितलं होतं बाई. कुणाला बोलू?" आणि दुसऱ्या केसला गेले.

मी मात्र बोलले. व्हरांड्यात, माणसांत, काय तोंडाला येईल ते बोलले. मामानं संपलं म्हटलेलं झोंबलं तुम्हाला. चार टाळकी ऐकायला मिळाली की तुम्हाला बायको दिसत नाही, पोट दिसत नाही. मी डोक्यावर दिवे वाहते, माझी मान मोडली, आणि तुम्ही मोठेपणा मिरवला. तो भिंतीला टेकून उभा होता. तोंडात टॉवेल धरलेला.

मामानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. फेटा सुटला होता, गालांवर पाणी.

"शालन, तुला कळलं न्हाई काय?"

"काय कळायचं ऱ्हायलंय आता."

"पैल्यापासनं न्हाई वाजवली त्येनं. मधनंच उचलली. जिथं पडला हुता तिथनं." मामानं सुटलेल्या फेट्यानं गाल पुसले. "ती चाल चालू केली की पुरी करावी लागती बाई. अर्ध्यात ऱ्हायली तर पोरीचा पाय सासरी ठरत न्हाई. माझ्या बापानं मला सांगितलं, म्या त्येला. त्या दिवशी कुणाचं ध्यान हुतं. आमी समदे त्येलाच उचलायला पळालो."

मग मला ती चादरीवरची बोटं आठवली. सुई देऊन मी जी थांबवली ती.

तासगावच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मी विचारलं, "त्या बाजारातल्या बाईसाठी?"

"पोरगी माघारी आलीया म्हणली ती," तो म्हणाला. "माझ्यापायी."

"ओढ्याला वाजवली असती. तिथं पुरी केली असती तर चाललं नसतं?"

"चार माणसांत लागती ती. नुसती वाजवून काय उपेग." मग म्हणाला, "माणसांत वाजवायला दुसरं कुठं मिळणार हुतं मला."

मी त्याच्यावर रागावायला बघत होते. जमलं नाही, आणि माफ करायलाही जमलं नाही. खिडकीतून उसाच्या मोळ्या भरलेल्या गाड्या दिसत होत्या, त्याच बघत राहिले.

निकाल लागला. दातांचे मिळाले, दवाखान्याचे मिळाले. धंदा गेला हे कोर्टाला पटलं नाही. मगदूमांनी आपला वाटा घेतला नाही, म्हणाले, वरच्या कोर्टात जायचं तर जाऊ, पण मला आशा दिसत नाही. गेलो नाही. सर्जेरावाचा ओठ त्या दिवसानंतर पुन्हा चिघळला आणि कायमचा वाकडा झाला. क्लॅरनेट मामाकडं परत गेलं. पुढच्या वर्षी वस्तीच्या तोंडाशी एका जाधवानं गिरणी टाकली. मी डबा घेऊन तिथं जायला लागले.

त्याच लग्नसराईत बोरगावला पुन्हा सुपारी लागली. मी बत्ती घेऊन मांडवाबाहेर वरातीची वाट बघत उभी होते. एक तरणी बाई कडेवर पोर घेऊन जवळ आली. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, तोंडावर तजेला.

"तुमच्या बँडात त्ये क्लॅरनेटवालं हुतं बघा, पडल्यालं. कसं हायत त्ये?"

"माझा माणूस त्यो," मी म्हणाले. "तू कोण?"

"मी वैजयंता. माझ्याच लग्नात न्हवं का."

डोक्यावर दिवे होते, मला मान हलवता येत नव्हती. मी डोळ्यांनीच तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू माघारी आलीवतीस म्हणं. तुझी आत्या बाजारात सांगत हुती."

"आल्ते की. बाळंतपणाला." ती हसली. "पैलं माहेरीच असतंय न्हवं. सातव्यातच आणलं आबानं. ह्येचं बारसं करूनच सासरी गेले." तिनं पोराचं नाक पुसलं. "आत्याचं काय, तिला कायबी बोलायची सवय हाय. तिच्या मनासारखी साडी न्हवती मिळाली लग्नात."

"आन ती चाल? तुझ्या येळची अर्ध्यात ऱ्हायली ती?"

"कुठली चाल?" तिनं खरंच आठवून बघितलं. "मी रडत हुते वं मावशी. बँड वाजत हुता का थांबला, मला कायसुदिक ऐकू आलं न्हाई."

पुढं वरात निघाली. कराडचा पोरगा फुंकायला लागला, जनरेटर सुरू झालं, डोक्यावर उजेड पडला आणि मी चालायला लागले.

घरी आले तर सर्जेराव उंबऱ्यात. पाणी तापवून ठेवलेलं. मी चुंबळ खुंटीला अडकवली. त्यानं त्या दिवशी विचारलं. बोरगाव म्हणून विचारलं असणार.

"कोण भेटलं?"

"वैजयंता भेटली. पोरगा हाय कडेवर. नांदतीया."

तो उठून उभा राहिला. "कवाधरनं?"

मी तोंडावर पाणी मारलं. माझ्या मानेला रग लागली होती आणि जाधवाच्या गिरणीतून आणलेला डबा अजून दारातच होता. तोंडात खरं आलं होतं. एकदा वाटलं, बोलून टाकावं, भोगू दे त्यालाही.

"तुमी कोर्टात वाजवलीसा न्हवं," मी म्हणाले, "त्याच्या म्होरल्याच आठवड्यात आली न्यायला सासरची माणसं."

त्याचा वाकडा ओठ हलला. तो हसला हे मला जरा उशिरानं कळलं. त्यानं डबा उचलून आत आणला, झाकण काढून पीठ बोटानं बघितलं आणि म्हणाला, "मग गिरणी गेली ती काय फुकट गेली न्हाई."

"न्हाई," मी म्हणाले.

तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुसरं काही मी त्याला कधी सांगितलं नाही.